लाल ठिपका कोणाचा

माझ्या नवऱ्याची माझ्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. कोणाच्याही घरी पाणी दिलं की मी आधी ग्लास उजेडाकडे धरते, मग पिते. तो म्हणतो, हा स्वभाव आहे. मी म्हणते, नोकरीत लागलेला रोग आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर औषधांच्या एका कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. तिथे संशय घेणं हेच काम होतं. समोरचा माल घाण आहे असं धरून चालायचं, आणि तो स्वच्छ असल्याचं त्यानेच सिद्ध करायचं. कोर्टाच्या बरोबर उलट. त्यात माणसाची नजर बिघडते ती बिघडतेच.

या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं, 'नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा.' गमतीदार म्हणावा असा एक आहे. तो आधी सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्याला जागा होईल.

एकदा आमचे सुरक्षा अधिकारी तणतणत माझ्याकडे आले. सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, मिशीला रोज तेल. त्यांच्या माणसांच्या न्हाणीघरात फरशीवर गुलाबी डाग पडत होते. घासले तरी चार दिवसांत परत. युनियनची माणसं मुद्दाम रंग फेकतात अशी त्यांची खात्री होती आणि दोघांची नावंही त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. मी डाग खरवडून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. टपोऱ्या अंडाकृती पेशी, आणि काहींच्या अंगाला बाळ फुटलेलं. गुलाबी यीस्ट. म्हणजे बुरशीच्याच कुळातला जीव, ओल्या जागी राहणारा, साबणाच्या मळावर जगणारा.

मी त्यांना बघायला लावलं. बराच वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले, "हे युनियनमध्ये आहेत काय?" मी म्हटलं, "नाही, पण संख्येने जास्त आहेत." त्यांनी दोन्ही नावं खोडली. त्या दिवशी मी फार हसले. दुसऱ्याचा संशय किती हास्यास्पद दिसतो.

इथे थोडं शास्त्र सांगते, पुढे लागणार आहे. बाहेरच्या माणसाला जंतू म्हटले की सगळे एकाच घरचे वाटतात. तसं नसतं. जीवाणूची पेशी म्हणजे आम्ही तेव्हा वाशीला राहायचो तशी एक खोली. स्वयंपाक, झोप, पाहुणे, देवाणघेवाण, सगळं तिथेच. त्याच्या वारशाचा धागाही त्याच खोलीत मोकळा पडलेला, त्याला वेगळी कपाट-कडी नाही. बाहेरून मात्र भिंत पक्की. खायला मिळालं आणि ऊब मिळाली की त्यातला एखादा वीस मिनिटांत एकाचे दोन करतो. बुरशी आणि यीस्टची पेशी याहून खूप मोठी. तिला आत केंद्रक असतं, म्हणजे तो वारशाचा धागा दाराआड बंद, आणि बाकीच्या कामांनाही वेगवेगळे कप्पे. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांत गल्लत होत नाही. गल्लत होते ती नुसत्या रंगावरून बोलणाऱ्याची.

आणि तिसरी जात हिराबाईने मला दाखवली.

हिराबाई खाडीकाठच्या सारसोळ्याची. चाळिशीची असेल. नवरा खाडीत मासेमारी करायचा, तिचं माहेर मिठागरावरचं. घरची थोडी जमीन होती ती सरकारने नव्या शहरासाठी घेतली. गेटवर कितीतरी सकाळी बसून तिने आमच्याकडे काचसामान धुण्याचं हंगामी काम मिळवलं होतं. माझ्या परीक्षानळ्या आणि बाटल्या ती धुवायची. इतकी चोख धुणारी मी दुसरी पाहिली नाही. प्रत्येक नळी धुऊन झाली की उजेडाकडे धरायची, अगदी माझ्यासारखी. पाऊस लागायच्या आत तिला कायम करायचं ठरलं होतं. कायम म्हणजे काय हे आज कोणाला सांगून कळणार नाही. तेव्हा खाडीतली मासळी कारखान्यांच्या पाण्याने कमी होत चालली होती, आणि त्या घराला दुसरा आधार हिराबाईच्या हातांचा होता.

माझं तिच्याशी एकदाच वाजलं होतं. हात बुडवायला आणि टेबल पुसायला मी खाली नळ असलेल्या एका मोठ्या बाटलीत जंतुनाशक भरून ठेवायचे, लागेल तसं तसराळ्यात काढून घ्यायचे. ते मी स्वतः कालवायचे, स्वतः भरायचे आणि बाटलीला कोणाला हात लावू द्यायचे नाही. कोणी पाणी जास्त घातलं तर? हिराबाई एक दिवस म्हणाली, "मॅडम, ती बाटली द्या की धुवायला. तिचे तळाला बुळबुळीत हाय."

"त्यात जंतुनाशक आहे, हिराबाई. त्यात कसली बुळबुळ?"

"हाय ती हाय. मी बगितलं."

"त्या बाटलीचं मी बघेन. तुम्ही नळ्यांचं बघा."

ती नळ्यांकडे वळली. मी मात्र मनात नोंद केली की ही बाई नको तिथे नाक खुपसते.

चैत्र संपत आला असेल. दुपारच्या सुट्टीत ती सुक्या मासळीचा डबा उघडून बसली होती आणि मी सहज विचारलं, माहेरी काय चाललंय. ती म्हणाली, "आता मिठाचा टाइम. पानी लाल झाला का समजायचा, मीठ बसनार."

"लाल?"

"लाल म्हंजे कोकमाचे आगळावानी. बाप माजा रंग बगूनच सांगायचा, परवा मीठ वढायचा म्हनून. कवा कवा मासळीवर पन चढते ती लाली. मग ती मासळी टाकायची."

मी मान डोलावली. मिठागराच्या पाण्यात लाल जंतू असतात हे मी कॉलेजात शिकले होते. तेवढंच आठवलं. पुढचं आठवलं नाही.

त्यानंतर पंधरवड्यात डोळ्यांच्या थेंबांची एक खेप नापास झाली. आमची तपासणी अशी असायची. खेपेतल्या काही बाटल्या घ्यायच्या, निर्जंतुक खोलीत उघडायच्या, थेंब पोषक रसाच्या नळ्यांत टाकायचे आणि नळ्या उबेत ठेवून आठवडाभर वाट बघायची. रस नितळ राहिला तर माल चांगला. गढूळ झाला तर आत कोणीतरी जिवंत आहे. माझ्या नळ्या तिसऱ्या दिवशी गढूळ झाल्या. त्यातला थेंब मी आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या घट्ट जेलीच्या, थाळीवर पसरला, थाळी शनिवारी टेबलावर राहून गेली, आणि सोमवारी बघते तो थाळीभर लालभडक ठिपके, रक्ताचे शिंतोडे उडावेत तसे.

पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्याही. तीन खेपा खड्ड्यात ओतल्या गेल्या. आमचे वर्क्स मॅनेजर रोज माझ्या दाराशी येऊन उभे राहायला लागले. मी थेंब बाटल्यांत भरण्याच्या खोलीतली हवा तपासली, पाणी तपासलं, लोकांचे हात तपासले. कुठे लाल सापडेना. माझ्याकडे तुलनेसाठी कोऱ्या नळ्या असायच्या. त्यात माल टाकायचा नाही, नुसती उघडून बंद करायची. त्या नितळ राहायच्या. म्हणजे माझी खोली स्वच्छ, माझे हात स्वच्छ, दोष बाहेरून येतोय. मग मी प्रत्येकाकडे चोर म्हणून बघायला लागले. कोण नखं वाढवतो, कोण डोकं खाजवतो, कोण माझी नजर चुकवतो. बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या शर्टावर लाल डाग दिसला तरी माझं लक्ष तिकडे. आणि एका सकाळी हिराबाई नळी उजेडाकडे धरून उभी होती, तेव्हा मला कोकमाचं आगळ आठवलं.

आमच्या अहवालात 'संभाव्य स्रोत' असा एक रकाना असायचा. तो कोरा सोडायचा नाही हा कंपनीचा रिवाज होता. कोरा रकाना म्हणजे प्रयोगशाळेला काही कळत नाही, असं वरचे समजायचे. मी त्या रकान्यात लिहिलं: काचसामान धुणारी हंगामी कामगार हिराबाई. घरचा संबंध मिठागराशी आणि सुक्या मासळीशी, दोन्हींत लाल जंतू आढळतात.

मॅनेजर वाचून खूश झाले. "मॅडम, हे बेस्ट झालं. आता टेन्शन घेऊ नका. बाकीचं मी बघतो."

त्यांनी काय बघितलं ते मला सोमवारी कळलं. हिराबाईला गेटवरूनच परत पाठवलं. आणि तिच्या गावच्या ज्या आणखी पाचसहा बायका पॅकिंगला होत्या, त्यांचे डबे रोज गेटवर उघडून बघायला लागले. पहारेकरी डब्यात काठी घालून मासळी बाजूला करायचा. मी बसमधून उतरून आत जाताना ते बघायचे आणि सावधगिरी म्हणून बरोबरच आहे असं स्वतःला सांगायचे.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. माझं घर मराठवाड्यातलं. माझ्या आईला गावच्या हॉटेलात चहा वेगळ्या कपातून मिळायचा आणि तो कप तिनेच धुऊन उलटा ठेवायचा. ती आम्हाला सांगायची, माणूस आपल्या हातांकडे बघतो तेव्हा तो काय शोधतो ते ओळखायला शिका. तिने आणि वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मला बी.एस्सी. केलं. त्या आईची मी मुलगी, एका बाईला तिच्या डब्यातल्या मासळीवरून घाण ठरवत होते, आणि ते शास्त्र आहे असं मला वाटत होतं. याची लाज आजही गेलेली नाही.

हिराबाई गेली आणि पुढची खेप लाल झाली.

आता नव्या मुलीने धुतलेल्या नळ्या होत्या. मी म्हटलं, जुन्या काचेला काहीतरी चिकटून राहिलं असेल. सगळं काचसामान बदललं. पुन्हा लाल. तेव्हा कुठे मला ते करावंसं वाटलं जे अहवाल लिहिण्याआधी करायला हवं होतं. रविवारी मी खाडीकाठच्या एका मिठागरावर गेले आणि बाटलीभर लाल पाणी घेऊन आले. खरंच कोकमाच्या आगळासारखं होतं.

त्यातलं थोडं माझ्या नेहमीच्या पोषक रसात टाकलं. आठवडा गेला, दुसरा गेला, रस नितळ. मग काचपट्टीवर त्या लाल पाण्याचा थेंब घेतला. बारीक काड्यांसारखे जीव मजेत हलत होते. कडेने साध्या पाण्याचा एक थेंब आत सोडला. काड्या फुगल्या, गोल झाल्या आणि बघता बघता विरून गेल्या. मीठ नसलं की त्यांची पेशी उभीच राहू शकत नाही, फुटते. कॉलेजात हेच पुढचं वाक्य होतं, जे मला आठवलं नव्हतं. ज्याला सारसोळ्याच्या खाडीचं पाणीदेखील अळणी, तो माझ्या नळीत किंवा डोळ्याच्या थेंबात कसा वाढणार? हिराबाईच्या अंगाला, पदराला, डब्याला तो हजारांनी चिकटलेला असता, तरी तिच्या धुण्याच्या पहिल्याच पाण्यात मेला असता.

त्या काळी आमच्या पुस्तकांत या जिवांना जीवाणूच म्हणत. दिसायला तसेच, तीच एक खोली. पुढे कळलं की जाणत्या लोकांनी त्यांचं कूळच निराळं ठरवलंय, नाव दिलंय आर्किया. भिंत निराळी, पेशीचं आवरण निराळं, आतल्या यंत्रांतली काही तर जीवाणूंपेक्षा आपल्याला जवळची. म्हणजे मी नुसता चुकीचा माणूस धरला नव्हता, चुकीचं कूळही धरलं होतं. माझे ठिपके साध्या जीवाणूचे होते. उबेत पांढरा राहणारा आणि गार टेबलावर लाल होणारा एक जीवाणू असतो, ओलीत राहणारा, तो. पण तो येत कुठून होता?

त्याचं उत्तर मॅनेजरांमुळे मिळालं, त्यांना न कळता. एका सकाळी ते काचेपलीकडे हाताची घडी घालून माझं काम बघायला उभे राहिले. मी बावरले. एरवी माझा क्रम ठरलेला असायचा. आधी साबणाने हात धुऊन कोऱ्या नळ्या करायच्या, मग हात जंतुनाशकात बुडवून खऱ्या मालाला लागायचं. खऱ्या मालासाठी जास्त काळजी. कोऱ्या नळीवर कोण संशय घेतो? त्या दिवशी साहेब बघतायत म्हणून मी आल्या आल्या हात बुडवले आणि मगच कोऱ्या नळ्या केल्या.

तिसऱ्या दिवशी कोऱ्या नळ्या गढूळ झाल्या.

या वेळी बदललं होतं ते एवढंच, की हात आधी बुडवले होते. मी जंतुनाशकाच्या बाटलीतला थेंब घेतला आणि आगरवर पसरला. दोन दिवसांनी थाळी लाल. ठिपके मोजायची सोय नव्हती, सलग लाल.

झालं होतं असं. बाटली मी कधी रिकामी करून धुतली नाही. काटकसर म्हणून रोज संध्याकाळी वरून भर घालायचे. तिला बुचाचं झाकण होतं, आणि ते बूच जंतुनाशकाचा जोर खात होतं. जे काही चिवट जंतू वाचले ते तळाशी बुळबुळीत थर करून बसले, आणि त्या थरात औषध शिरेना. मी रोज सकाळी तेच तसराळ्यात काढून त्यात हात बुडवत होते आणि तेच हात घेऊन मालाच्या बाटल्या उघडत होते. खड्ड्यात ओतलेले थेंब चांगले होते. घाण माझ्या खोलीत, माझ्या बोटांवर होती. सगळ्या कारखान्यात ज्या एका वस्तूवर मी संशय घेतला नाही, ती मी स्वतः भरलेली होती.

बाटली मी त्या दुपारी स्वतः उकळून धुतली. पुढची खेप नितळ निघाली. मॅनेजर म्हणाले, "बघा, ती बाई गेली आणि सुटलं की नाही?" मी काही बोलले नाही. बोलले असते तर वाया गेलेल्या खेपांचा जाब मला द्यावा लागला असता, आणि घरात शिकलेली, कायम नोकरी असलेली मी पहिली. ती भीती खरी होती. तिच्या आड किती दिवस लपायचं हा प्रश्न होता.

त्या रविवारी मी सारसोळ्याला गेले. हिराबाई अंगणात जाळ्यातला कचरा वेचत होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी ग्लास उजेडाकडे न धरता प्यायले. मग तिला सगळं सांगितलं. बाटली, बुळबुळ, लाल थाळी. तिचा दोष नव्हता हे दोनदा सांगितलं.

ती जाळ्यातून बोटं न काढता म्हणाली, "ते मना म्हाईत हाय. तुमाला आता म्हाईत झाला."

"मी माफी मागायला आलेय, हिराबाई."

"माफी कशाला? गावात समदे बोलतात, हिराचे हातानं औषद नासला. आमचे बायांचे डबे उघडतात गेटवर. त्यांना काय सांगू, मॅडम घरी येऊन बोलल्या म्हनून?" आता तिने वर बघितलं. "मी घान हाय ते कागदावर लिवलात. साफ हाय ते तोंडानं सांगता."

मी पर्समधून वही काढली आणि तिथेच लिहिलं, मराठीत. प्रयोगशाळेतील जंतुनाशकाच्या बाटलीत जंतुसंसर्ग झाल्याचे आढळून आले असून काचसामान धुणाऱ्या कामगाराचा त्याच्याशी संबंध नाही. खाली सही केली. हिराबाई चौथी शिकली होती. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं, परत वाचलं.

"बाटलीत झाला म्हनता. बाटली काय आपली आपन भरली? तवा माजा नाव लिवलात. ह्यात तुमचा कुठं हाय?"

माझी सही होती, पण सही म्हणजे नाव नव्हे, ती कोणाला वाचताही येत नाही. मी कागद परत घेतला. लिहिलं: ही बाटली रोज मी, सुमती वाघमारे, भरत होते. ती धुवायला हवी असे हिराबाईने मला सांगितले होते. मी ऐकले नाही.

तिने ते वाचलं, कागदाची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये ठेवली. चेहऱ्यावर राग नव्हता, समाधानही नव्हतं.

"हां," ती म्हणाली. "हा गावाला. आता असाच एक कंपनीला लिवा."

मी हो म्हटलं. तो दुसरा कागद लिहायला मला अकरा दिवस लागले. रोज सकाळी लिहायचा ठरवायचे आणि रोज संध्याकाळी तो पर्समध्ये कोराच घरी यायचा. बाराव्या दिवशी तो मी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवला. मला मेमो मिळाला, एक बढती गेली, नोकरी राहिली. गेटवर डबे उघडणं बंद झालं. हिराबाईची जागा मात्र आदल्याच दिवशी भरली होती, कायमची.